टोया विलकॉक्स नीट समजून घ्यायची असेल तर गाणी आणि सिनेमे एकत्र कसे बघायचे-ऐकायचे

घरातल्या घरात एक्सरसाइज बाइकवर बसून मेटालिका या मेटल बँडचं 'एंटर सँडमन' गाणारी एक बाई आणि बाजूला शांतपणे गिटार वाजवणारा तिचा नवरा, २०२१ च्या सुरुवातीचा हा व्हिडिओ कधीतरी फिरत फिरत तुमच्याकडे आलाच असेल. नवरा म्हणजे किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप, हे आपल्याकडच्या रॉक ऐकणाऱ्यांना लगेच कळतं, पण बाई कोण असं विचारलं की "त्याची बायको" यापुढे गाडी जात नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ती ब्रिटिश गायिका-अभिनेत्री टोया विलकॉक्स आहे, आणि १९७९ या एका वर्षात या मुलीने जे काम केलंय तेवढं लोकांना दहा वर्षांत जमत नाही.

म्हणून हे सगळं लिहितोय. कुठून सुरू करायचं, काय आधी, काय नंतर, कुठली रेकॉर्डिंग्ज टाळायची, आणि मुख्य म्हणजे तिचं गाणं आणि तिचा अभिनय वेगवेगळा का बघायचा नाही. मी स्वतः आधी फक्त हिट गाणी ऐकली, मग बऱ्याच काळाने सिनेमे बघितले, आणि सिनेमे बघितल्यावर तीच गाणी मला पूर्ण वेगळी ऐकू यायला लागली. तुम्ही तसं करू नका, दोन्ही सोबत घ्या.

सगळ्यात आधी एक वही घ्या नाहीतर फोनमधली नोट उघडा, आणि डावीकडे रेकॉर्ड, उजवीकडे सिनेमा-नाटक-टीव्ही असे दोन रकाने करा, वर्ष मधे. शाळेतला प्रकार वाटेल पण याचा फार उपयोग होतो, कारण तिची कुठलीही यादी शोधलीत तर गाण्यांची यादी एका ठिकाणी आणि भूमिकांची दुसऱ्या ठिकाणी असते, आणि त्यामुळे कुठलं गाणं गाताना ती कुठला रोल करत होती हे कळतच नाही.

वहीत पहिली नोंद जन्माची. १८ मे १९५८, बर्मिंगहॅममधलं किंग्ज हीथ. जन्मतःच पाठीचा कणा वाकडा, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, पावलांची ठेवण बिघडलेली, त्यामुळे लहानपण ऑपरेशन्स आणि फिजिओथेरपीत गेलं. त्यात बोलताना 'स' नीट उमटत नाही, जीभ दातात येते. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे ज्या मुलीने स्टेजवर सगळ्यात जास्त शरीर वापरलं आणि आवाजाच्या जिवावर रेकॉर्ड विकल्या तिची सुरुवात इथून आहे. आणि तो 'स' तिने कधी लपवला नाही, गाण्यात तो स्पष्ट ऐकू येतो, लक्ष देऊन ऐका.

आता महत्त्वाची गोष्ट. ती गायिका होती आणि मग सिनेमात गेली असं नाहीये. आधी अभिनय. बर्मिंगहॅमच्या ओल्ड रेपर्टरी थिएटर स्कूलमध्ये शिकत असताना १९७६ मध्ये बीबीसीच्या 'ग्लिटर' नावाच्या छोट्या टीव्ही नाटकात तिला काम मिळालं, रोल गाणाऱ्या मुलीचाच, सोबत फिल डॅनियल्स हा नट. (हे नाव वहीत वेगळं लिहून ठेवा, परत येणारे.) त्यानंतर लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'टेल्स फ्रॉम द व्हिएन्ना वूड्स', आणि तिथे असतानाच बँडची खटपट सुरू. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी संध्याकाळी सरकारी मदतीवर चालणाऱ्या ब्रिटनच्या एका मोठ्या नाट्यसंस्थेत काम करतेय आणि उरलेल्या वेळात पंक बँड (पंक म्हणजे तेव्हाचं खरखरीत, बंडखोर रॉक) उभा करतेय.

आपल्याकडे गाणारी नटी ही काही नवलाची गोष्ट नाही, ज्योत्स्ना भोळे, जयमाला शिलेदार ही नावं घरात ऐकतच आपण मोठे झालोय. पण संगीत नाटकात गाणं हे भूमिकेच्या पोटात असतं, पात्र बोलता बोलता गायला लागतं. टोयाचं उलट आहे. तिच्या सिनेमांत ती बहुतेक वेळा गातच नाही, आणि गाण्यात मात्र सतत कुठलंतरी पात्र घेऊन उभी असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बघायला सुरुवात 'क्वाड्रोफिनिया'पासून करा. १९७९ चा सिनेमा, दिग्दर्शक फ्रँक रॉडम, गोष्ट १९६४ मधल्या मॉड्स आणि रॉकर्सची (सूट-स्कूटरवाली पोरं ते मॉड्स, चामडी जाकीट-मोटरसायकलवाली ते रॉकर्स), ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावरची मारामारी वगैरे. टोयाचा रोल मंकी नावाच्या मुलीचा, छोटासाच. हिरो जिमी म्हणजे आपला फिल डॅनियल्स, बघा आला परत. जिमीला हवी असते दुसरीच मुलगी, आणि मंकी कायम आसपास, पार्टीत, स्कूटरच्या घोळक्यात, ज्या मुलीकडे कुणी बघत नाही ती मुलगी. पहिल्यांदा बघताना गोष्ट बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना फक्त तिच्याकडे बघा, ती फ्रेमच्या कोपऱ्यात असली तरी. संवाद नसताना ती काय करते ते बघा. हा रोल मिळाला कसा तेही भारी आहे, जिमीच्या रोलसाठी सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या गायकाची, जॉनी रॉटनची टेस्ट घ्यायची होती, आणि त्या टेस्टला त्याच्यासोबत टोया होती. रॉटनचं काही जमलं नाही, पण टोया दिग्दर्शकाच्या मागे लागली की मला काहीतरी द्याच, आणि मंकी पदरात पाडून घेतली.

भाषेची अडचण येणार, लंडनच्या पोरांची बोली आहे, सबटायटल्स लावा, त्यात काही कमीपणा नाही.

मग एक वर्ष मागे जा, १९७८ चा 'जुबिली', दिग्दर्शक डेरेक जार्मनचा. हा सिनेमा घरच्यांसोबत किंवा मुलांसमोर लावू नका, हिंसा आहे, नग्नता आहे, आणि कथा नेहमीसारखी सरळ चालत नाही. पहिली एलिझाबेथ राणी जादूने थेट १९७० च्या दशकातल्या मोडकळीला आलेल्या इंग्लंडमध्ये पोचते आणि तिथे पंक पोरींची टोळी हुंदडतेय, एवढं धरून बसा म्हणजे हरवणार नाही. टोया त्यात मॅड, आग लावायची हौस असलेली, केस अगदी बारीक कापून नारिंगी केलेले. नॅशनल थिएटरमधला तिचा सहकारी इयन चार्ल्सन तिला जार्मनकडे घेऊन गेला, जार्मनने स्क्रिप्ट हातात दिलं आणि रोल तूच निवड म्हणाला, तर हिने ज्याला जास्त संवाद तो रोल उचलला. मला हे फार आवडतं. लाजणं वगैरे भानगडच नाही.

'जुबिली' त्या वेळच्या सगळ्या पंकवाल्यांना आवडला असंही नाही, पंकवाल्यांची फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडने तर चक्क टीशर्टवर खुलं पत्र छापून सिनेमाला झोडपलं. ते ध्यानात ठेवून बघा, कारण टोयावर पुढे जन्मभर हाच आरोप झाला की तू खरी पंक नाहीस, नटी आहेस. माझं मत विचाराल तर नटी असणं हीच तिची ताकद, आणि नुसता राग म्हणजे पंक असं मानणाऱ्यांनी तिला कधी नीट ऐकलंच नाही.

'जुबिली'नंतर लगेच जार्मनचाच 'द टेम्पेस्ट', १९७९, शेक्सपियर. टोया मिरांडा. मिरांडा म्हणजे एरवी गोड, भोळी, पांढऱ्या झग्यातली राजकन्या करतात, इथे केसांच्या जटा झालेली, खिदळणारी, लहानपणापासून बेटावरच वाढलेली आणि त्यामुळे मॅनर्स वगैरे कुणी शिकवलेच नाहीत अशी मुलगी आहे. मॅड आणि मिरांडा एकाच आठवड्यात बघा, जमलं तर पाठोपाठच्या दोन दिवसांत. तेच शरीर, तोच चेहरा, आणि एकीची ऊर्जा बाहेर फेकलेली, दुसरीची कुतूहलात मुरलेली. वेळ असेल तर १९७९ चाच 'द कॉर्न इज ग्रीन' हा टीव्ही सिनेमा, जॉर्ज क्यूकर दिग्दर्शक आणि समोर साक्षात कॅथरीन हेपबर्न, त्यात टोया बेसी वॉटी. आणि 'शूस्ट्रिंग' या डिटेक्टिव्ह मालिकेचा एक भागही त्याच वर्षीचा, त्यात ती गायिकेच्या रोलमध्ये आहे आणि स्वतःचं 'डान्स्ड' गाते. दोन्ही रकाने एकाच ओळीत येणारी ही नोंद, वहीत खूण करून ठेवा.

आता ऐकायला घ्या, पण हिट गाण्यांपासून नको. एक गोष्ट आधी क्लिअर करतो, टोया हे तिचं नाव आणि बँडचंही नाव, १९८३ पर्यंतचे अल्बम बँडचे आहेत, आणि गिटारवरचा जोएल बोगन हा तिच्याइतकाच महत्त्वाचा, बहुतेक गाणी दोघांनी मिळून केलीत. बाकी माणसं येत-जात राहिली.

पहिलं 'शीप फार्मिंग इन बार्नेट', १९७९, सफारी रेकॉर्ड्स. आधी सहा गाण्यांची छोटी तबकडी होती, मग तिचा पूर्ण अल्बम झाला. बार्नेट हा लंडनचा उत्तरेकडचा भाग, तिथे मेंढ्या पाळायच्या म्हणजे काय ते तुम्हीच बघा. हेडफोन लावून 'नियॉन वूम' आणि 'डान्स्ड' ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल, पहिल्या वेळी लिरिक्स उघडूच नका. एकच काम करा, आवाज कितीदा बदलतो ते मोजा. कुजबुज, किंकाळी, लहान मुलीसारखं बोलणं, एकदम खालच्या पट्टीतलं गुरगुरणं, आणि हे सगळं एका गाण्यात. हा काही रियाज केलेल्या गायिकेचा आवाज नाही, हा नटीचा आवाज आहे, जिला माहितीये की वाक्य कुणाच्या तोंडचं आहे त्यावर ते कसं म्हणायचं हे ठरतं. आणि तुम्ही नुकतेच मॅड आणि मिरांडा बघितलेत, त्यामुळे चेहरेही दिसायला लागतील. हा जो अनुभव आहे ना, यासाठीच सिनेमे आधी बघायला सांगितले.

मग 'द ब्लू मीनिंग', १९८०. त्यातलं 'इया' हे गाणं आठ मिनिटांच्या वर आहे, रात्री लाइट घालवून ऐका. काहीतरी राक्षसाला बोलावल्यासारखं वाढत जातं. हेच गाणं लाइव्ह कसं व्हायचं हे ऐकायचं असेल तर 'टोया! टोया! टोया!' हा लाइव्ह अल्बम आहे, वुल्वरहॅम्प्टनच्या लाफायेत क्लबमधला, त्यात पब्लिकचा आवाजही बँडइतकाच ऐकण्यासारखा आहे.

इथे एक धोक्याची सूचना, कारण यात मी स्वतः फसलोय. ऑनलाइन तिचे 'बेस्ट ऑफ' टाइपचे कलेक्शन भरपूर आहेत, आणि त्यातल्या काहींवर मूळ गाणी नसतात, ९० च्या दशकात आणि नंतर पुन्हा गाऊन घेतलेली असतात. १९९५ चा 'लुकिंग बॅक' तर सरळ जुनी गाणी नव्याने केलेलाच अल्बम आहे. ती वाईट आहेत असं नाही, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मूळचंच ऐकावं. सोपी खूण अशी की अल्बमचं नाव आणि वर्ष बघा, सफारीचे मूळ अल्बम आता चेरी रेड या रेकॉर्ड कंपनीने नव्याने काढलेत, जादा गाण्यांसकट, ते मिळाले तर बिनधास्त घ्या.

१९८१ ला एक आख्खा रविवार द्या. हे तिचं स्टार होण्याचं वर्ष. 'फोर फ्रॉम टोया' या चार गाण्यांच्या तबकडीवरचं 'इट्स अ मिस्टरी' ब्रिटनच्या चार्टवर ४ नंबरला गेलं. गंमत म्हणजे हे गाणं बँडचं नव्हतंच, कीथ हेलचं होतं, टोयाने त्यात भर घातली. मग 'आय वाँट टू बी फ्री' ८ नंबरला, 'थंडर इन द माउंटन्स' परत ४ नंबरला, आणि 'अँथम' अल्बम २ नंबरला. टीव्हीवर ती लाल-केशरी केस, तोंडावर लढाईला निघाल्यासारखा रंग आणि पिसारा फुलवल्यासारखे कपडे घालून यायची.

या वर्षाची गाणी ऐकण्यापेक्षा आधी बघा, बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या क्लिप्स सहज मिळतात. आवाज बंद करून एकदा बघा. खरंच करून बघा हे. कॅमेरा कुठे आहे हे तिला प्रत्येक क्षणी माहीत असतं, बाकीच्या पॉपवाल्यांना तेव्हा ते जमत नव्हतं, कारण कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा तिच्याइतका अनुभव त्यांना नव्हताच. मग आवाज चालू करा आणि 'अँथम' पहिल्यापासून ऐका. त्यात 'एलोक्यूशन लेसन' नावाचं गाणं आहे, म्हणजे शुद्ध उच्चाराचा तास, आणि ज्या मुलीचा 'स' अडतो ती हे गातेय, हे आठवून ऐका. ड्रम्सवर नायजेल ग्लॉकलर आहे जो पुढे सॅक्सन या मेटल बँडमध्ये गेला, मेटलवाल्यांसाठी एवढं सांगून ठेवतो.

'आय वाँट टू बी फ्री'ला बरेच जण बालिश म्हणतात, शाळकरी बंडखोरी वगैरे. मला ते पटत नाही. लहानपणी ज्या मुलीचं शरीर डॉक्टरांच्या ताब्यात होतं तिने हे ओरडून म्हटलंय, हे कळल्यावर ते गाणं बालिश वाटत नाही.

१९८२ चं 'द चेंजलिंग' मला स्वतःला सगळ्यात जवळचं, स्टीव्ह लिलीव्हाइटने प्रोड्यूस केलेलं, चार्टवर ६ नंबर. एवढ्या यशानंतर इतका काळोखा अल्बम करायला हिंमत लागते. एका बैठकीत नाही झेपला तर दोन भागात ऐका, पण मधलं गाणं गाळू नका.

१९८३ ला दोन्ही रकाने भरा. रेकॉर्ड 'लव्ह इज द लॉ', आणि त्याच वर्षी लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये 'ट्रॅफर्ड टँझी'. हे नाटक कुस्तीच्या रिंगमध्ये होतं, प्रवेशांऐवजी राउंड्स, आणि नायिका खरोखर आपटते, पडते, उठते. एक पाय आखूड, कमरेचा त्रास, आणि ही रोज रात्री रिंगमध्ये. नाटक आपल्याला बघायला मिळणार नाही, पण फोटो शोधा, ते बघून मग त्या वर्षीचा अल्बम ऐका, दमदार वाटतो. १९८४ चा 'द एबनी टॉवर' मात्र बघता येतो, ग्रॅनाडा टीव्हीचा, म्हाताऱ्या चित्रकाराच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए, त्याच्या घरात राहणाऱ्या दोन मुली म्हणजे ग्रेटा स्काकी आणि टोया. ऑलिव्हिएसमोर भले भले नट आखडतात, ही नाही आखडत. हळू चालणारा सिनेमा आहे, चहा घेऊन बसा.

१९८५ चं 'मिंक्स' हे मोठ्या कंपनीकडून आलेलं गुळगुळीत पॉप, एकदा ऐकून पुढे जा.

त्यानंतरचा टप्पा लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका. १६ मे १९८६ ला तिचं फ्रिपशी लग्न झालं, आणि त्याच वर्षी दोघांचं 'द लेडी ऑर द टायगर' आलं, त्यात ती गात नाही, गोष्ट वाचते आणि मागे फ्रिपची गिटार. १९८७ ला लंडनच्या वेस्ट एंडमध्ये 'कॅबरे' या संगीत नाटकातली सॅली बोल्स. आणि १९८८ ला 'प्रॉस्टिट्यूट'. लग्न झाल्यावर लोक तिला फक्त कुणाची तरी बायको म्हणून बघायला लागले, त्याच्या संतापातून हा अल्बम आलाय, ड्रम मशीन, बोललेले तुकडे, बायकांचे वेगवेगळे आवाज. रेडिओवर लागेल असं त्यात काहीच नाही. हा अल्बम म्हणजे माझ्या मते तिचं सगळ्यात सलग एकपात्री नाटक आहे, फक्त ते स्टेजवर नाही, रेकॉर्डवर केलंय. स्वयंपाक करता करता ऐकू नका, बसून ऐका. सुरुवातीला ज्या व्हिडिओबद्दल बोललो आणि "त्याची बायको" म्हणालो, ते इथे आठवेल तुम्हाला. त्याच्यापाठोपाठ १९९१ चं 'ओफीलियाज शॅडो', नावातच हॅम्लेटची ओफीलिया, आवाज आता शांत झालाय आणि पिकलाय.

९० च्या दशकात तिचा आवाज घराघरात पोचला तो वेगळ्याच मार्गाने, 'टेलिटबीज' या लहान मुलांच्या मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी जो बाईचा आवाज येतो तो टोयाचा. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासोबत एक भाग लावा, मग लगेच 'इया' ऐका (मुलाला झोपवून). एकाच गळ्यातून हे दोन्ही येतं यावर विश्वास बसत नाही.

अलीकडचं दोनच गोष्टींवर सांगतो. २०१७ मध्ये 'जुबिली'चं नाटक झालं, मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंज थिएटरला, आणि त्यात टोया होती, पण आता मॅड नाही, राणी एलिझाबेथ. वहीत १९७८ च्या नोंदीपासून इथपर्यंत एक बाण काढा. आणि २०२१ चा 'पॉश पॉप', सायमन डार्लोसोबत केलेला, लॉकडाउनमधला, चार्टवर २२ नंबरला आला, वयाच्या ६३ व्या वर्षी. एंटर सँडमनचा तो व्हिडिओ आता परत लावा, सगळ्यात शेवटी. डोळे कुठे बघतायत ते बघा. कॅमेरा कुठे आहे ते तिला अजून तसंच माहितीये.

एवढं झाल्यावर अजून भूक असेल तर हेझल ओ'कॉनरकडे वळा, ती पण गायिका आणि अभिनेत्री, त्याच काळातली, कॉव्हेंट्रीची. तिचा १९८० चा 'ब्रेकिंग ग्लास' बघा, त्यात ती गायिकेचा रोल करते आणि गाणी पण तिचीच. आणि तिच्या सोबत कोण आहे बघा, वहीत नाव लिहून ठेवलंय तुम्ही, फिल डॅनियल्स.